माझी तक्रार मातीत गेली

बॅबिलोनियाच्या लोकांबद्दल माझं मत फार उदात्त होतं. चार-चार हजार वर्षं टिकणाऱ्या मातीच्या पाट्यांवर जे लोक लिहून गेले, ते फालतू काही लिहिणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. सृष्टीची उत्पत्ती, ग्रहांची गती, प्रलयाची कथा वगैरे. हे सगळं त्यांनी लिहिलंच आहे, पण ते थोडं. उरलेल्या ढिगाऱ्यात काय आहे? अमक्याला इतके सातू दिले. तमक्याच्या मेंढ्या इतक्या. ह्याने त्याच्याकडून चांदी उसनी घेतली, ती सुगीला व्याजासकट परत करायची. आणि शाळेत पोरांनी वेडंवाकडं गिरवलेले धडे.

इ.स.पू. ३३०० च्या सुमारास दक्षिण इराकमधल्या उरुक शहरात या पाट्यांवरची लिपी जन्माला आली ती कवीच्या पोटी नाही, कारकुनाच्या पोटी. कोठारात काय आलं आणि कोठारातून काय गेलं, याची नोंद ठेवायला. मी उभा जन्म बँकेत काढला आहे. हे वाचलं तेव्हा माझी छाती फुगली आणि घरातल्या सगळ्यांना मी ते पुन्हा पुन्हा ऐकवलं. तरीही मातीवर लिहिण्याची पाळी माझ्यावर आली ती त्या अभिमानामुळे नाही. गच्चीमुळे.

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या डोक्यावर गच्ची आहे आणि गच्चीवर जे पडतं ते वाटेत कुठेही न थांबता आमच्या देवघरात येतं. म्हणून उन्हाळ्यात मी वॉटरप्रूफिंग करून घेतलं. ते करणाऱ्या गृहस्थाने ब्रिकबॅट कोबा, केमिकल, जाळी असे भारदस्त शब्द वापरले, ३६,००० रुपये अ‍ॅडव्हान्स घेतला, दहा वर्षांची गॅरंटी दिली आणि गच्चीत पाणी साठवून बघायची चाचणी 'पाऊस येईलच की' म्हणून पावसावर सोपवली. पाऊस आला. चाचणी चोख झाली.

तेव्हा आम्ही दोघं लंडनला लेकीकडे होतो. शेजाऱ्यांकडे किल्ली होती. त्यांनी देवघराचा व्हिडिओ पाठवला. त्यात बाळकृष्णाला अखंड अभिषेक चालला होता आणि पार्श्वभूमीला शेजारणीचा आवाज, 'वाटी नको, पातेलं आणा.' मी वॉटरप्रूफिंगवाल्याला मोबाइलवर लिहायला लागलो. मी दोन-दोन पडदे भरून लिहायचो, त्यात मुद्दे, उपमुद्दे, तारखा, ग्राहक म्हणून माझे हक्क. उत्तराला जोडलेले दोन हात यायचे. पुन्हा लिहायचो. पुन्हा दोन हात. एवढी भक्ती मला आयुष्यात कोणी दाखवली नव्हती.

अशा मनःस्थितीत मी ब्रिटिश म्युझियममध्ये गेलो.

तिथे सुमारे १,३०,००० पाट्या आणि पाट्यांचे तुकडे आहेत. त्यातले मोजकेच काचेमागे मांडलेले असतात. छपन्न नंबरच्या दालनात मला एक पाटी दिसली. उंची ११.६ सेंटिमीटर, रुंदी ५. म्हणजे माझ्या मोबाइलपेक्षा बुटकी आणि अंगाने जाड. पुढून, मागून, पार कडांपर्यंत बारीक खिळ्यांच्या ठशांनी गच्च भरलेली. इ.स.पू. १७५० च्या सुमारास नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने उर शहरातल्या एआ-नासिर नावाच्या तांब्याच्या व्यापाऱ्याला पाठवलेलं ते पत्र होतं.

मजकूर साधारण असा. तू उत्तम प्रतीचं तांबं देतो म्हणाला होतास आणि माझ्या माणसापुढे भिकार लगडी टाकल्यास. वर त्याला सुनावलंस की घ्यायचं तर घ्या, नाहीतर चालायला लागा. मी माझे पैसे आणायला चांगल्या घरची माणसं पाठवली, तीही शत्रूच्या मुलखातून, आणि तू त्यांना रिकाम्या हातांनी परत धाडलंस. दिलमुनशी, म्हणजे आजच्या बहरीनशी, व्यापार करणाऱ्यांत माझ्याशी असं आजवर कोणी वागलेलं नाही. तुझी माझ्याकडे एक मीना चांदी बाकी आहे, जेमतेम अर्धा किलो, तेवढ्यावर तुझी ही मिजास? यापुढे माल मी माझ्या अंगणात एकेक लगड पारखून घेईन आणि पसंत नसेल ती परत करीन.

काचेपुढे उभ्या उभ्याच माझे डोळे पाणावले. 'तांबं' काढून 'कोबा' घातला की ते माझंच पत्र होतं. बायको म्हणाली, "अहो, चला ना, ममी बघायच्या राहिल्यात." पण मला माझा माणूस भेटला होता.

पुढची माहिती काढली तेव्हा आणखी धीर आला. लेनर्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात उर शहर खणलं. त्यात एआ-नासिरचं घर सापडलं आणि घरात ही पत्रं. नन्नी एकटा नव्हता. अर्बितुरम नावाचा एक जण तांबं अजून का दिलं नाही म्हणून विचारत होता, इम्गुर-सिन नावाचा दुसरा तांबं चांगलं द्या म्हणून गळ घालत होता. म्हणजे या गृहस्थाने लोकांच्या तक्रारी नीट जपून ठेवल्या होत्या. फक्त तांबं तेवढं द्यायचं राहिलं होतं. वॉटरप्रूफिंग या धंद्याचा मूळ पुरुष तो हाच, याबद्दल माझी खात्री झाली.

तिथेच ठरवलं. मोबाइलवरची तक्रार अंगठ्याने वर सरकवली की संपली. मातीची पाटी टेबलावर पडून राहील, येता-जाता टोचेल. आपली तक्रार मातीवर लिहायची आणि कुरिअरने पुण्याला पाठवायची.

दरम्यान माझी कीर्ती पसरली. लेकीने मैत्रिणींना सहज सांगितलं की बाबा सध्या त्या कीलाकार लिपीच्या मागे लागलेत. ती बातमी वाटेत फुगली आणि 'काकांना बॅबिलोनियन वाचता येतं' अशी होऊन माझ्याकडे परत आली. ती खोडून काढायचं मला सुचलं नाही. एका रविवारी ओळखीतली काही मराठी कुटुंबं डबे-बाटल्या-मुलांसह म्युझियमच्या पायऱ्यांवर जमली. माझं एकूण भांडवल म्हणजे, चांदणीसारखी एक खूण मला ओळखता येत होती. 'आकाश' आणि 'देव' या दोन्हींसाठी ती वापरत आणि देवाच्या नावापुढेही ती लावत. तेवढ्यावर मी अर्धं दालन चालवलं. चांदणी दिसली की म्हणायचं, "इथे देवाचं नाव आहे." चांदणी नसली की म्हणायचं, "हा हिशेब." बहुतेक पाट्या हिशेबाच्याच असल्यामुळे माझा निकाल बँकेतल्या कुठल्याही अंतर्गत परीक्षेपेक्षा चांगला लागत होता.

घोळ झाला तो इ.स.पू. ३१०० ते ३००० या काळातल्या एका पाटीपाशी. त्या काळी खुणा अजून पुरत्या खिळ्यांच्या झाल्या नव्हत्या, त्यातली चित्रं ओळखू येत. या पाटीवर निमुळत्या बुडाचं उभं भांडं होतं, तेही तीनदा. एका कोपऱ्यात माणसाचं डोकं आणि तोंडाशी कललेली वाटी. मी आवाज खाली आणला. म्हटलं, "हा कलश बघा. आणि इथे हा भक्त तीर्थ घेतोय." एका काकूंनी काचेला नमस्कार केला. तेवढ्यात त्यांच्याच नातवाने खालची पाटी वाचायला घेतली, चांगली खणखणीत आवाजात. तो रेशन म्हणून वाटलेल्या बिअरचा हिशेब होता. निमुळतं भांडं ही बिअरची खूण. डोकं आणि वाटी म्हणजे खाणं, शिधा. काकूंनी जोडलेले हात सोडवून पर्सची चेन लावली. त्यांचे यजमान मात्र त्या दिवसात पहिल्यांदाच पुढे आले आणि म्हणाले, "मजुरी बिअरमध्ये? मग संस्कृती म्हणतात ती हीच."

विषय बदलायला मी रॉलिन्सन काढला.

हेन्री रॉलिन्सन १८२७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत मुंबईला उतरला. १८३२ मध्ये पैज लावून त्याने पुणे ते पनवेल हे बहात्तर मैल घोड्यावरून तीन तास सात मिनिटांत कापले. इथे मंडळींचं लक्ष परत आलं. घाट लागला तरी एवढ्या वेळात, मग टोलनाका नव्हता म्हणून, आम्हाला मागच्या दिवाळीत पाच तास लागले, अशी चर्चा बराच वेळ झाली. मग मी त्याला कसाबसा इराणात नेला. तिथे बेहिस्तूनच्या कड्यावर, जमिनीपासून तीनशे फुटांवर, दरायस राजाने एकच मजकूर तीन भाषांत कोरून ठेवला आहे. रॉलिन्सनने जीव धोक्यात घालून तो उतरवला. त्यातल्या बॅबिलोनियन भागापर्यंत त्याला पोचता येईना, तेव्हा एक कुर्दी मुलगा कड्याच्या खाचांत पाय रोवत तिथे गेला आणि ओल्या कागदाचे ठसे घेऊन आला. कष्ट मुलाचे, नाव साहेबाचं. बँकेतसुद्धा असंच असतं, हे मी जाता जाता सांगून घेतलं.

तरी लोकांना ही लिपी खरोखर वाचता येते असं वाटेना. तेव्हा १८५७ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीने परीक्षा घेतली. एकाच लेखाची भाषांतरं रॉलिन्सन, हिंक्स, टॅलबट आणि ऑपर्ट या चौघांनी एकमेकांना न विचारता केली आणि बंद लखोट्यात दिली. लखोटे उघडले तर अर्थ पुष्कळसा जुळत होता. मी एकटा एका पाटीतून कलशपूजन काढतो, तिथे चौघांचा एक अर्थ निघावा, याचं मोल मला त्या दिवशी कोणापेक्षाही जास्त कळत होतं. पण हे सगळं बरोबर सांगत असताना ऐकायला फक्त बायको उरली होती. बाकीचे बिअरच्या पाटीबरोबर फोटो काढत होते.

घरी आल्यावर प्रत्यक्ष कामाला लागलो. लेकीने चित्रकलेच्या सामानाच्या दुकानातून मातीचा गोळा आणला. मी तो पोळपाटावर थापला. पाटी चांगली ऐसपैस केली, कारण माझी तक्रार मोठी होती. मग सुरीच्या टोकाने लिहायला बसलो आणि पहिल्याच रेघेला बॅबिलोनियाचा अर्धा इतिहास कळला. ओल्या मातीत रेघ ओढता येत नाही. माती टोकापुढे गोळा होते, कडेला उठते आणि दुसरी रेघ ओढावी तर पहिली बुजते. उरुकच्या कारकुनांनी सुरुवातीला चित्रंच रेखाटली. पुढे ते रेघा ओढायचं सोडून बोरूचं कोपरेदार टोक मातीत दाबू लागले. एक दाब, एक ठसा; एका अंगाला रुंद डोकं, मागे निमुळती शेपटी. उभा खिळा, आडवा खिळा, तिरपा खिळा आणि नुसता कोपरा. एवढ्यावर त्यांनी सहाशेच्या आसपास चिन्हं उभी केली.

लंडनमध्ये बोरू कुठे मिळणार? पण आइसक्रीमची काडी टोकाला सरळ कापली की तिचा कोपरा उत्तम खिळा उमटवतो. काड्या पुरवण्याचं काम आठ वर्षांच्या नातीने अंगावर घेतलं. आजोबांच्या संशोधनासाठी ती नाश्त्यापासून राबत होती.

निप्पूर शहरात त्या काळच्या शाळेच्या पाट्या ढिगांनी सापडल्या आहेत. पोरांना आधी नुसते खिळे दाबायला लावत, मग तु-ता-ती, नु-ना-नी, बु-बा-बी असं गिरवून घेत. सरावाच्या गोल पाटीवर गुरुजी एक ओळ लिहून देत, पोराने ती उतरवायची. गुरुजींच्या हाताखाली एक वरच्या वर्गातला मॉनिटर असे, त्याला 'थोरला भाऊ' म्हणत. एक सुमेरियन गोष्ट आहे. त्यातला पोरगा शाळेत दिवसभर छड्या खातो; उशीर झाला म्हणून, बोलला म्हणून, अक्षर वाईट म्हणून. शेवटी बाप गुरुजींना घरी बोलावतो, जेवू घालतो, नवं वस्त्र देतो, बोटात अंगठी चढवतो. त्यानंतर गुरुजींना त्या पोराच्या अंगी नाना गुण दिसायला लागतात.

आमच्याकडे थोरल्या भावाची जागा नातीने घेतली. "आजोबा, तुमचे खिळे झोपलेत." "आजोबा, हा उभा पाहिजे, हा आजारी आहे." तिने स्वतः छोटी गोल पाटी करून तिच्यावर तु-ता-ती इतकं सुबक उमटवलं की मी तिला आइसक्रीम देऊन माझ्या अक्षराबद्दल तिचं मत बदलायचा प्रयत्न केला. निप्पूरच्या गुरुजींपेक्षा ती कडक निघाली. आइसक्रीम खाल्लं आणि मत कायम ठेवलं.

पाटी एवढी मोठी करण्यात काय गोम आहे, हेही लवकरच कळलं. नन्नीची पाटी तळहातात मावते, कारण ती डाव्या हातात धरून, हवी तशी फिरवत लिहायची असते. पुढची बाजू भरली की खालची कड वर आणून पाटी उलटायची, कडेवरून ओळ तशीच मागे न्यायची. माझी पाटी हातात मावेना. मी ती पोळपाटावरच उलटली. मागची बाजू लिहिण्यासाठी तयार झाली आणि पुढच्या बाजूवरचा सगळा मजकूर पोळपाटाला गेला. शिवाय लिहिता लिहिता माती सुकते. मुद्दे आठवत बसलं की खिळा रुतत नाही, नुसता ओरखडा उठतो. मग पाणी शिंपडावं तर आधीचे मुद्दे विरघळतात.

भाषेचं वेगळंच. अक्काडियन मला येत नाही आणि वॉटरप्रूफिंगवाल्यालाही येत नसावी. तेव्हा मराठीच लिहायची, पण त्यांच्या अक्षरांत. आता त्यांच्या अक्षरांत ओ नाही. ख नाही, घ नाही, भ नाही. 'ओल', 'भिंत' आणि 'खोटारडा' हे माझ्या तक्रारीचे तीन मुख्य खांब एका फटक्यात पडले. 'देवघर' गेलं. 'पाणी' जमलं, पा-नी. 'गळतं' जमलं, गा-अल-ता. आणि 'टेरेस' तर ते-रे-एस असं बिनबोभाट बसलं.

मग आकडा. ३६,००० रुपये हा माझ्या दुःखाचा गाभा, तो ठळक यायला हवा होता. बॅबिलोनियन गणिती पाट्यांवर मोजणी साठाची असते. आपण दहा झाले की घर बदलतो, ते साठ झाले की बदलत. एकाचा खिळा तोच साठाचा, तोच ३,६०० चा. कुठलं घर ते संदर्भावरून ओळखायचं, कारण रिकाम्या घरात लिहायला शून्य नव्हतं. याच पद्धतीने त्यांनी दोनाचं वर्गमूळ दशांशाच्या पाच घरांपर्यंत अचूक काढून ठेवलं आहे; ती पाटी येल विद्यापीठात आहे. मीही बसलो. दहाची खूण म्हणजे एक कोपरा. ३६,००० म्हणजे दहा गुणिले ३,६००. तेव्हा माझे छत्तीस हजार म्हणजे मातीत फक्त एक कोपरा. तो वाचणाऱ्याने दहा वाचावा, सहाशे वाचावा की छत्तीस हजार, हे त्याच्या सद्सद्विवेकबुद्धीवर. वॉटरप्रूफिंगवाला कुठला आकडा वाचेल, याबद्दल मला शंका नव्हती.

अखेर लहान पाटी केली आणि मजकूर छाटला. पत्राची सुरुवात त्यांच्या रीतीप्रमाणे, 'अमक्याला सांग, तमका असं म्हणतो'. पत्र ज्याला जायचं त्याला वाचता येईलच असं नसे. म्हणून पत्र वाचून दाखवणाऱ्याला उद्देशून बोलत. त्याखाली 'पा-नी गा-अल-ता ते-रे-एस' आणि तो एक कोपरा. मोबाइलवर दोन पडदे भरणारा माझा संताप तेवढ्यात संपला. हात दुखत होता, मान धरली होती आणि आणखी रागवायला अंगात ताकद नव्हती. तेव्हा नन्नीच्या पाटीची खरी किंमत कळली. पुढून, मागून आणि कडेने भरायला किती राग लागला असेल! की नन्नी नुसता येरझारा घालत बोलत होता आणि खिळे दाबणारा लेखनिक कोणी दुसराच होता? तसं असेल तर माझी सहानुभूती मी नन्नीकडून काढून त्या लेखनिकाला देतो. साहेबाचा राग नीटनेटक्या अक्षरात उतरवून घेण्यात माझीही बरीच वर्षं गेली आहेत.

सहीचा प्रश्न उरला. बॅबिलोनियात ज्याच्याकडे शिक्का नसेल तो कराराच्या पाटीवर नखाचा ठसा उमटवी. मीही अंगठ्याचं नख दाबलं. सहीतला एक फाटा वेगळा दिसला म्हणून मी लोकांचे चेक परत पाठवले आहेत; त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर त्याने हसून घ्यावं.

आता पाटी वाळवायची. बॅबिलोनियात हे काम ऊन करत असे. पाट्या बहुतेक नुसत्या वाळवत, भाजत क्वचित. मजा अशी की इ.स.पू. ६१२ मध्ये शत्रूने निनवे शहर जाळलं तेव्हा अशुरबनिपाल राजाच्या संग्रहातल्या पुष्कळ पाट्या त्या आगीत भाजून पक्क्या झाल्या. ग्रंथालय जाळायला आलेल्यांनी ते टिकवून ठेवण्याची सोय केली. लंडनमध्ये ऊन नव्हतं. खिडकीच्या कठड्यावर ठेवलेली पाटी दिवसागणिक जास्तच ओलसर वाटत होती. शत्रूही नव्हता. ओव्हन होता.

मी २२० अंशांवर लावला. घाई करायची नाही, माती आतपर्यंत सुकल्याशिवाय भट्टीत घालायची नाही, ताप हळूहळू वाढवायचा, हे सगळं मी नंतर वाचलं. वरून कोरड्या, आतून ओल्या मातीला असा ताप दिला की पोटातल्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला वाट नसते. जावई शेजारच्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता. तो म्हणाला की माझ्या पाटीचा आवाज पलीकडे तीन देशांत ऐकू गेला आणि त्यातल्या एकाने, 'सगळे सुखरूप आहेत ना?' असं विचारलं. बायको धावत आली. ओव्हनमध्ये पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दात आवळून म्हणाली, "अहो, जावयाचं घर आहे हे."

जावई समंजस आहे. दोघं ओव्हनच्या तळातून तुकडे वेचायला बसलो. वेचता वेचता मी त्याला जॉर्ज स्मिथची गोष्ट सांगितली. नोटांच्या छपाईचे ठसे कोरणारा हा कारागीर जेवणाच्या सुट्टीत म्युझियममध्ये येऊन ही लिपी स्वतःची स्वतः शिकला. तुकडे जुळवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. १८७२ मध्ये अशाच एका तुकड्यावर त्याला बायबलमधल्या प्रलयाशी जुळणारी प्रलयकथा सापडली, आणि आनंदाच्या भरात तो उठून तिथेच कपडे काढायला लागला असं सांगतात. जावयाने हातातला तुकडा खाली ठेवला आणि म्हणाला, "बाबा, तुम्हाला काही सापडलं तर आधी मला सांगा."

सापडलं ते एवढंच: एका तुकड्यावर 'ते-रे-एस' आणि दुसऱ्यावर छत्तीस हजारांचा तो कोपरा. नातीची गोल पाटी कठड्यावर आपली हळूहळू वाळत राहिली आणि अखंड वाळली. तिच्या एका कडेला दातांच्या खुणा होत्या. कशी लागते ते बघितलं, म्हणाली. मी रागावणार होतो, पण निप्पूरच्या शाळेतल्या एका पाटीवरही तिथल्या पोराच्या दातांच्या खुणा आहेत. परंपरेपुढे आपण काय बोलणार?

तुकडे कुरिअर करण्यात अर्थ नव्हता. मी दोन्ही जुळवून, डावीकडून तिरपा प्रकाश पाडून (खिळे वाचायला तोच लागतो) फोटो काढला आणि वॉटरप्रूफिंगवाल्याला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. जे सांगायचं ते मातीत होतं. आणि काय आश्चर्य! आजवर ज्याने नुसते हात जोडले, त्याचं शब्दांत उत्तर आलं. "काका, टाइलचं सॅम्पल बघितलं. टेक्स्चर भारी. पण माती आहे, पाण्यात टिकणार नाही. टेरेसला लावू नका."

वॉटरप्रूफिंगबद्दल त्याने मला दिलेला हा पहिला प्रामाणिक सल्ला.

त्यानंतर मी मातीचा नाद सोडला आणि हा लेख लिहायला घेतला. संपादकांनी विचारलं, त्या माणसाचं नाव का लिहीत नाही? निदान वाचक सावध होतील. मी त्यांना नन्नीचं उदाहरण दिलं. नन्नीला हवं होतं चांगलं तांबं, स्वतःचे पैसे आणि चार लोकांत मान. त्यासाठी त्याने जगात टिकाऊ म्हणून जे जे असतं ते वापरलं, आणि झालं काय? पावणेचार हजार वर्षांनी जगभरची पोरं एआ-नासिरच्या नावाचे विनोद करतात, त्याचं नाव बनियनवर छापून घालतात. लंडनला येणारे लोक त्याची पाटी कुठल्या दालनात आहे ते विचारत येतात. नन्नीची ओळख काय, तर एआ-नासिरचं एक गिऱ्हाईक. तक्रार टिकाऊ केली की टिकतो तो तिच्यातला आरोपी.

तेव्हा नाव छापायचं नाही. छापलंत तर इ.स. ५७०० मध्ये कुठल्यातरी म्युझियममध्ये त्याच्या गॅरंटी कार्डापुढे रांग लागेल, गाइड त्याच्यावर अर्धा तास बोलेल, मुलं फोटो काढतील, आणि माझ्याबद्दल खाली बारीक अक्षरात एवढंच असेल: घर गळत होतं.